ठोकलं की चालू: निफाडकडच्या एका पिकअपच्या सेल्फचं प्रकरण

गाडी डिझेल पिकअप. चार सिलिंडरचं अडीच लिटर इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी. मालक स्वतःच चालवणारा, राहणारा निफाड तालुक्यातला. पहाटे द्राक्षतोडीची माणसं आणि रिकामे क्रेट मळ्यावर पोचवायचे, दुपारनंतर टोमॅटो, कोबी, कोथिंबीर जो माल मिळेल तो भरून नाशकात पंचवटीच्या मार्केट यार्डात आणायचा, असा गाडीचा दिनक्रम. तक्रार एवढीच: "सेल्फ कधी उचलतो, कधी गप्प बसतो. हातोडी मारली की उचलतो."

गॅरेजवाल्यांना ही तक्रार नवी नाही. द्वारका, आडगाव नाका, दिंडोरी रोड, कुठेही विचारा, अशा गाड्या येतच असतात. सेल्फ उतरवतात, कार्बन बदलतात किंवा अख्खा सेल्फच नवा चढवतात, आणि विषय मिटतो. मी या एका गाडीवर इतकं लिहितोय त्याची दोन कारणं आहेत. हातोडीच्या ठोक्याने सेल्फ चालतो तेव्हा तो ठोका बिघाड कुठे आहे ते सांगत असतो, आणि ते ऐकून न घेता आपण पुन्हा पुन्हा ठोकत राहतो. शिवाय या गाडीत ठोकण्यानेच एक नवा बिघाड तयार झाला होता, जो मुळात नव्हताच.

तक्रारीचा इतिहास

दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा सुरुवात झाली. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकड्यावर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे डिझेल इंजिन फिरवणं सेल्फला जड जातं. ऑइल घट्ट झालेलं असतं. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावल्याने ती नेहमीएवढा करंट देत नाही. आणि सिलिंडरमधली हवा दाबून तापवायची तर ती मुळातच गार असते, म्हणून इंजिन पेटेपर्यंत सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. एखादा भाग जेमतेम चालत असेल तर तो याच दिवसांत उघडा पडतो.

एका पहाटे गाडी गप्प बसली. धक्का मारून चालू केली. पुढे पिंपळगाव बसवंतजवळ चहाला थांबला असताना पुन्हा तेच झालं, तेव्हा शेजारच्या जुन्या ट्रकवाल्याने सांगितलं, "खाली जा, सेल्फवर दोन ठेवून दे." त्याने दिले, गाडी लगेच उचलली. त्या दिवसापासून सीटखाली हातोडी आली.

पुढचा क्रम मी त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतला, कारण निदानाला तो फार उपयोगी पडतो. सुरुवातीला एक हलका टोला पुरायचा आणि मग चार-पाच दिवस काही नाही. डिसेंबरात रोज सकाळी लागायला लागलं. मग एका टोल्याने भागेना. कुठे मारायचं हेही उरलं नाही. सेल्फच्या अंगावर, मागच्या टोकावर, वरच्या सोलेनॉइडच्या काळ्या टोपणावर, हात पोचेल तिथे. शेवटी तर आधी ठोकून वर येऊन चावी फिरवेपर्यंत गाडी पुन्हा गप्प व्हायची. म्हणून चावी हा धरून ठेवणार आणि क्रेट उचलणारा पोरगा गाडीखाली झोपून ठोकणार, अशी पद्धत बसली.

हे ऐकल्यावर मी आधी त्याला समोर बसवलं. चावी लावलेल्या गाडीखाली माणूस घालणं किती वाईट आहे ते त्याला कळणं सेल्फपेक्षा महत्त्वाचं होतं. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर सेल्फ एकटाच तिला हातभर पुढे ढकलू शकतो, आणि इंजिन पेटलं तर ती चालूच लागते. पिकअपचं मागचं चाक कुणाच्या अंगावरून जायला तेवढं पुरतं. दुसरा धोका विजेचा. बॅटरीच्या प्लसची जाड केबल सरळ सेल्फच्या बोल्टावर येते, आणि बहुतेक गाड्यांत तिच्यात फ्यूज नसतो. चावी बंद असली तरी तो बोल्ट जिवंत असतो. लोखंडी हातोडीचं डोकं एका बाजूने त्या बोल्टाला आणि दुसऱ्या बाजूने इंजिनच्या अंगाला टेकलं की शेकडो अँपिअर हातोडीतून जातात. लोखंड वितळून ठिणग्या तोंडावर उडतात, हातोडी तिथेच चिकटूही शकते. पोरगा वाचला होता हे नशीब.

ठोकण्याआधी मोजणं

एक प्रश्न मी अशा प्रत्येक गाडीवाल्याला विचारतो: गप्प बसते तेव्हा 'टक' आवाज येतो का? उत्तर आलं, "कधी येतो, कधी तोही नाही."

या उत्तरात अर्धं निदान होतं. सेल्फच्या डोक्यावर जो सोलेनॉइड असतो त्याच्या आत एकाच दांड्याला ओढणारी दोन वेटोळी असतात. एक जोरात खेचणारं, दुसरं खेचलेला दांडा धरून ठेवणारं. धरणाऱ्या वेटोळ्याचं दुसरं टोक सरळ अंगाला, म्हणजे अर्थला जोडलेलं असतं. खेचणाऱ्याचं तसं नसतं. त्याचा करंट सेल्फच्या मोटारीतून, तिच्या कार्बन ब्रशमधून, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांमधून, अर्थला जातो. म्हणून ब्रश कम्युटेटरला, म्हणजे त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकत नसतील तर खेचणारं वेटोळं मुकं होतं, आणि एकट्या धरणाऱ्याला दांडा लांबून खेचणं सहसा जमत नाही. परिणाम: टक नाही, किंवा अगदी मलूल. उलट ब्रश ठीक असतील आणि सोलेनॉइडच्या आतली, दांडा आत गेला की बॅटरीचा बोल्ट मोटारीच्या बोल्टाला जोडणारी तांब्याची चकती जळून संपर्क देत नसेल, तर दांडा खणखणीत टक करून आत जातो, पण मोटार फिरत नाही. 'टकटकटकटक' असा सलग आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. आणि एक टक येऊन हेडलाइट एकदम मावळले तर करंट भरपूर जातोय पण काहीतरी अडकलंय, पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) रिंगगिअरमध्ये (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दात्यांत) रुतलाय किंवा इंजिनच जाम आहे, असं समजायचं.

हातोडीला नको ते श्रेय कसं मिळतं तेही इथे सांगतो. उतरलेल्या बॅटरीला दोन-तीन मिनिटं विश्रांती मिळाली की ती थोडी सावरते. माणूस गाडीखाली जातो, ठोकतो, कपडे झटकत वर येतो, तेवढा वेळ बॅटरीला मिळालेला असतो. गाडी सुरू होते आणि नाव हातोडीचं होतं. म्हणून ठोकण्याआधी हेडलाइट लावून बघणं हा मी सर्वांना सांगतो तो पहिला नियम आहे. त्याला मीटर लागत नाही की पैसे.

गाडी दुपारी आली होती, इंजिन तापलेलं, सेल्फ झटक्यात उचलत होता. अशा वेळी खोलून काही कळत नाही. बिघाड हजर असताना त्याला पकडावं लागतं. गाडी रात्रभर गॅरेजबाहेर उघड्यावर ठेवली आणि मालकाला बजावलं की सकाळी कुणी हातोडीला हात लावायचा नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड.

सकाळी चावी फिरवली. गप्प. टकही नाही, हेडलाइट जसेच्या तसे.

बॅटरीवर आधी १२.५ व्होल्ट होते, चावी फिरवल्यावर १२.४, म्हणजे करंट जवळपास जातच नव्हता. चावीकडून सोलेनॉइडवर येणाऱ्या बारीक वायरवर १२.१. चावी, रिले आणि ती वायर यातून सुटल्या. जाड केबलच्या बोल्टावर १२.४, केबल सुटली. मग सोलेनॉइडकडून मोटारीत जाणाऱ्या बोल्टावर मीटर लावला, तर तिथेही १२ व्होल्ट. ज्या बोल्टाच्या पलीकडे मोटारीचा जेमतेम रोध असतो, तिथे मोटार न फिरता पूर्ण व्होल्टेज उभं राहणं याचा अर्थ एकच: पुढे रस्ता तुटलाय. ब्रश कम्युटेटरला टेकलेले नाहीत.

तेव्हा मी एक टोला दिला. मोटारीच्या मागच्या टोकाला, जिथे आत ब्रश असतात तिथे, हातोडीच्या लाकडी दांड्याने, दार वाजवावं एवढ्या जोराचा. गाडी उचलली. निदान पक्कं झालं, आणि माझ्या दृष्टीने सेल्फवरच्या ठोक्याचं काम तिथे संपलं.

सेल्फ इंजिन फिरवत असताना आणखी एक माप घेतलं, आणि घेतलं हे बरं झालं. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत पडत होते ०.३ व्होल्ट, ते चालतं, अर्ध्या व्होल्टपर्यंत मी बोलत नाही. पण सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.९ व्होल्ट पडत होते. तिथे ०.२ च्या वर गेलं की अर्थिंगमध्ये खोट आहे असं धरतात. म्हणजे प्लसकडून आलेली वीज परत जाताना वाटेत अडत होती.

त्याच सकाळी पुढच्या काही प्रयत्नांत एकदा खणखणीत टक आली आणि मोटार मात्र फिरली नाही. लगेच मोटारीच्या बोल्टावर मीटर: जवळपास शून्य. या वेळी ब्रश टेकलेले होते आणि सोलेनॉइडची चकती दगा देत होती. 'कधी टक येतो, कधी तोही नाही' याचा उलगडा झाला. एकाच तक्रारीखाली दोन बिघाड होते, आणि हातोडी दोघांवरही चालत असल्याने ते कुणाला वेगळे दिसले नव्हते.

खोलल्यावर

आधी अर्थिंग. गिअरबॉक्सपासून चेसीला जाणारी पट्टी ज्या बोल्टाला आवळलेली होती तो बोल्ट गंजून फुगला होता, आणि भोवती निळसर-हिरवी खपली. मालकाला विचारलं, फवारणीचं काय काय नेतोस? मोरचुदाच्या पाण्याचे ड्रम, तो म्हणाला, हौद्यात पुढच्या कोपऱ्यातच ठेवतो, कारण तिथे हलत नाहीत. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, करणाऱ्या प्रत्येक द्राक्षवाल्याला माहीत असतं की मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवायचं नाही, आणि मिश्रण तयार झालं की विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. विळ्यावर जे घडतं तेच इथे चेसीच्या बोल्टावर घडत होतं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं. ड्रम डचमळून सांडलेलं पाणी हौद्याच्या फटीतून नेमकं त्या कोपऱ्यात गळत होतं.

माझ्या मते सगळ्याचं मूळ हेच. अर्थिंगमध्ये व्होल्टेज खर्च झालं की सेल्फला कमी पोचतं, इंजिन हळू फिरतं, पेटायला वेळ लागतो, सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. सेल्फची मोटार लांब वेळ चालण्यासाठी बनवलेलीच नसते. १९१२ च्या कॅडिलॅकला पहिल्यांदा विजेचा सेल्फ आला तो चार्ल्स केटरिंगच्या याच युक्तीमुळे: मोटार लहान ठेवायची आणि काही सेकंदांपुरतं तिच्याकडून तिच्या ऐपतीबाहेरचं काम घ्यायचं. त्या हिशोबाने आजही दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावं. ही गाडी थंडीच्या दर पहाटे त्याच्या कितीतरी पुढे जात होती. ब्रश तापून झिजले, त्यांची भुकटी घरांत साचली. व्होल्टेज कमी म्हणून सोलेनॉइडची चकती घट्ट न बसता थरथरली, आणि प्रत्येक थरथरीला ठिणगी पडून जळाली.

सेल्फ उतरवला. चार ब्रशपैकी दोन आपल्या घरात काळ्या भुकटीने आणि चिकट ग्रीसने रुतून बसलेले, मागून ढकलणारी स्प्रिंग पार टोकाला पोचलेली. ठोका बसला की ते थरथरून कम्युटेटरपर्यंत सरकत आणि संपर्क होई. बस, हातोडीची करामत एवढीच. ब्रश झिजत गेला तशी स्प्रिंगची ताकद कमी होत गेली, म्हणून एका टोल्याचे दोन झाले आणि दोनाचे सततचे. मालकाने सांगितलेला क्रम इथे डोळ्यांनी दिसत होता. सोलेनॉइडमधली चकती एका कडेला खड्डे पडून काळी झालेली. ठोक्याने ती किंचित फिरायची आणि चांगली बाजू पुढे यायची. सोलेनॉइडच्या टोपणाला मात्र तडा होता, आणि तो ठोकण्याचाच.

मोटारीचं नळकांडं बाजूला काढलं आणि तक्रारीत नसलेली गोष्ट समोर आली. आत चिकटवलेल्या चुंबकांपैकी एक आडवा फुटला होता. त्याचा कोपरा सुटून आर्मेचरला, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गाभ्याला, घासत होता, आर्मेचरवर घासल्याचा चकचकीत पट्टा. बाहेरून बघितलं तर बरोबर त्या जागी नळकांड्यावर हातोडीचा पोचा.

तात्यांची हरकत

मालकाचे वडील, तात्या, दुपारी आले. फुटलेला चुंबक हातात दिल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "मिस्तरी, आमच्या ट्रॅक्टरचा सेल्फ मी वर्षानुवर्षं ठोकला. कधी काही फुटलं नाही."

तात्या खरं बोलत होते, आणि मला ते मालकासमोर नीट सांगायचं होतं. जुन्या सेल्फमध्ये चुंबक नसतो. जाड लोखंडी नळकांड्याच्या आत लोखंडाचे ध्रुव आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या पट्टीची वेटोळी. त्यावर ठोका बसला तर लोखंड आणि तांबं तो सोसतात. पुढे वजन आणि जागा वाचवण्यासाठी वेटोळ्यांच्या जागी कायमचे चुंबक आले, आतून गिअर घालून छोटी मोटार जोरात फिरवायला लागले. सेल्फ हलका झाला, करंटही कमी घ्यायला लागला. पण हे चुंबक फेराइटचे असतात. फेराइट म्हणजे भट्टीत भाजलेली चिनीमाती जशी तसा पदार्थ; दाब सोसतो, ठोका सोसत नाही.

"तात्या, तुमचा सेल्फ ठोकून घेणारा होता. हा नाही," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, बाहेरून ओळखायचं कसं? फार चांगला प्रश्न होता. जुन्या पद्धतीच्या सेल्फच्या नळकांड्यावर बाहेरून मोठ्या डोक्याचे स्क्रू दिसतात, कारण आतले ध्रुव त्यांनीच धरलेले असतात. चुंबकवाल्याचं नळकांडं गुळगुळीत असतं. तात्यांनी ते वाकून स्वतः हात फिरवून बघितलं. आपल्याकडे वडील माणसांची वाहनविद्या हसण्यावारी नेण्याची पद्धत पडत चालली आहे, ती मला पटत नाही. त्यांना यंत्र हाताने कळलेलं असतं. बदललेला भाग हातात दिला की ते नव्याइतक्याच लवकर समजून घेतात.

दुरुस्ती

चुंबकासहित नळकांडं बदललं, सोलेनॉइड नवा, चारही ब्रश आणि त्यांचं घर नवं. कम्युटेटर लेथवर हलका फिरवून घेतला. अर्थची पट्टी नवी टाकली, चेसीवरचा रंग आणि गंज पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडला, आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. ड्रमची जागा हौद्याच्या मागच्या बाजूला, खाली ट्रे. नंतरचं माप: सेल्फच्या अंगापासून मायनसपर्यंत ०.१ व्होल्ट. इंजिन फिरण्याचा आवाजच बदलला होता.

खर्चाबद्दल मालकाने स्पष्ट विचारलं, मी स्पष्ट सांगितलं. पहिल्या टोल्यानंतरच्या आठवड्यात गाडी आणली असती तर ब्रश आणि अर्थची पट्टी एवढ्यात भागलं असतं. कदाचित सोलेनॉइडची चकतीही घासून पुढे चालली असती. आता जवळजवळ अर्धा सेल्फ नवा होता.

जिथे हातोडी हवीच

याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, ढिला झाला होता, तोही याच मुक्कामात बदलला. गाडीवाल्याला वाटलं होतं की मी हातोडीच्या विरोधात आहे. इथे मी तीच मागितली आणि पोराला चांगली जड घ्यायला सांगितली.

टाय रॉडच्या टोकाचा खिळा निमुळता असतो आणि तो स्टिअरिंग आर्मच्या तशाच निमुळत्या डोळ्यात घट्ट बसतो. नट काढला तरी तो सुटत नाही. दोन धातूंची पकड नुसत्या घर्षणावर उभी असते. नवखा माणूस इथे खिळ्याच्या टोकावर वरून ठोकतो. आटे चेपतात, खिळा टोकाला फुगतो आणि मग तो भोकातून कधीच निघत नाही. खरी जागा आहे आर्मचा डोळा, त्याची बाजू. नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे टाय रॉड सुटला तरी खाली पडत नाही. डोळ्याच्या एका बाजूला जड लोखंडाचा आधार धरायचा आणि समोरच्या बाजूला एक कडक, आखूड, वजनदार ठोका. डोळा क्षणभर किंचित लंबगोल होतो, खिळ्याची पकड सुटते आणि तो टपकन खाली येतो. हळूहळू शंभरदा टकटक केल्याने हे होत नाही, कारण तेवढ्याने डोळा वाकतच नाही. काट्याच्या पाचरीने उपटलं तरी निघतो, पण बॉल जॉइंटचं रबर फाटतं. जॉइंट पुन्हा वापरायचा असेल तर पाचर मी वापरू देत नाही.

लोखंडी ठोक्याचा हा हक्काचा वापर आहे. तिथे वीज नाही, ठिसूळ भाग नाही, आणि ठोक्याने नेमकं काय हलवायचंय ते माहीत आहे. गंजलेल्या बोल्टाच्या डोक्यावर पाना लावण्याआधी एक सरळ ठोका दिला तर आट्यांतला गंज तडकतो, तेही योग्यच. हबवर रुतलेला ब्रेक ड्रम दोन भोकांच्या मधल्या भरीव भागावर ठोकून हलवतात, पण अनेक ड्रमना काढण्यासाठी आटे पाडलेली दोन भोकं दिलेली असतात आणि त्यांत बोल्ट आवळत नेला की ड्रम आपोआप सुटतो, हे बघायचंच राहून जातं.

बेअरिंगचं वेगळं. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं की ठोका गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग बसतं, पण महिन्या-दोन महिन्यांत घरघर करतं, आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्याला दिला जातो. जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच जोर यायला हवा, तोही पितळेच्या तुकड्याने किंवा पाइपने. आणि इंजेक्टर. ज्या नाशकात, सातपूरला, डिझेल इंजेक्टरचे नोझल मायक्रॉनच्या मापाने तयार होतात, त्याच नाशकात हेडमध्ये अडकलेला इंजेक्टर बाजूने हातोडीने हलवताना मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. आतल्या सुईची फट केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी असते. त्याला पुलर आहे, स्लाइड हॅमर आहे. ओढायचं, आडवं मारायचं नाही.

डोळ्यांबद्दल एक ओळ: कडक पोलादावर कडक पोलाद मारलं की कपची उडते, आणि तिचा वेग गोळीसारखा असतो. गॅरेजमधला चष्मा खिळ्याला टांगून ठेवण्यासाठी नसतो.

पुढचा हिवाळा

पुढच्या थंडीत ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा मी अर्थचं माप पुन्हा घेतलं. ०.१ वर होतं. पहाटेची तक्रार नाही, सिलिंडर आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून चावी मारायची सवयही त्याने लावून घेतली होती.

त्यानंतर एकदा त्याचा फोन आला, इगतपुरीच्या पुढून, कसारा घाटाच्या तोंडावरून. त्याच्या मित्राची गाडी सेल्फ उचलत नव्हती, मागे माल भरलेला, मुंबईला जायचं. मी काही विचारण्याआधी तोच सांगत होता: "हेडलाइट लावले, मंद होत नाहीत. टक एकदम खणखणीत येते. नळकांडं गुळगुळीत आहे. गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड लावलाय, खाली कुणी नाही." मी म्हटलं, मग ब्रश नाही, सोलेनॉइडची चकती असणार. चावी बंद ठेवून, बोनेटकडून हात पोचत असेल तर सोलेनॉइडच्या लोखंडी अंगावर, टोपणावर नाही, लाकडी दांड्याने एकच टोला दे. चालू झाली तर मुंबईत माल उतरेपर्यंत बंद करू नका, आणि परतताना गाडी घरी न नेता सरळ माझ्याकडे आणा.

"तसंच सांगतो त्याला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दिंडोरी रोडला उभी होती. चकती एका कडेला जळालेली होती. सोलेनॉइड बदलला, बाकी सेल्फ शाबूत होता.